जगदाळेबाईंच्या पाली

जगदाळेबाई गेल्या तेव्हा आमच्या कॉलेजात शोकसभा झाली, आणि त्या सभेत तीन माणसं धादांत खोटं बोलली. प्राचार्य म्हणाले, बाई सगळ्यांच्या लाडक्या होत्या. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हणाले, बाईंच्या संशोधनामागं संस्था कायम उभी राहिली. तिसरा मी. मी म्हणालो, बाईंकडून मी फार शिकलो. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, ते दीड मिनिटात उरकलं, कारण बाहेर चहा आला होता.

लाडक्या म्हणे! सांगलीच्या त्या कॉलेजात बाई चौदा वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या आणि चौदा वर्षं स्टाफरूममधली त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं बसायची कुणाची छाती नव्हती. बाईंच्या झोळीत काय असेल याचा नेम नसे. उंच, वाळक्या, उन्हानं रापून काळ्या पडलेल्या बाई; साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात वडिलांचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला त्यांचीच खाकी झोळी. वडील लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, गाव सातारा जिल्ह्यात खटावकडं. वर्गात बाई शुद्ध पुस्तकी बोलायच्या आणि संतापल्या की सरळ गावच्या बोलीत उतरायच्या. ‘आपण असं का म्हणता?’ इथपर्यंत ठीक असायचं. ‘आवं, डोकं हाय का खोकं?’ आलं की आम्ही डिमॉन्स्ट्रेटर मंडळी दिसेल ती बाटली पुसायला लागायचो.

सगळ्या गावात त्यांना ‘पालीच्या बाई’ म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणत नसत एवढंच.

आता पाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं ट्यूबलाइटमागची पाल येणार. बाईंना तिचा भयंकर तिटकारा. ‘ती घरपाल,’ त्या म्हणायच्या. ‘माणसाच्या मागनं कुठंही जाते. आगबोटीतनं गेली, मालगाडीतनं गेली. उजेड दिसला की भिंतीला चिकटायचं आणि आयतं येईल ते गिळायचं.’ असं म्हणून त्या स्टाफरूममध्ये एकेकाकडं बघायच्या. माझ्यापाशी नजर जरा जास्तच थांबायची, असं मला तेव्हा वाटायचं आणि आता खात्री आहे.

बाईंच्या पाली माळावरच्या. मातीच्या रंगाच्या, बोटाएवढ्या, दगडाखाली राहणाऱ्या. बाईंचं म्हणणं असं, की खटावचा माळ, जतचा माळ आणि सांगलीला लागून असलेला कुपवाडचा माळ हे दिसायला एकसारखे. तेच कुसळी गवत, तीच बाभूळ, तोच दगड. पण तिन्हीवरच्या पाली तीन वेगळ्या जातींच्या आहेत. मधे डोंगर आहेत, नदीकाठची काळी रानं आहेत. पूर्वी तिथं झाडी होती, आता ऊस आहे. दगडाखालच्या पालीला ते ओलांडता येत नाही. हजारो पिढ्या ती आपल्याच माळावर जन्मते, तिथंच मरते आणि होता होता शेजारणीपेक्षा निराळी होऊन बसते. एकीच्या नराला मांडीवर बारीक छिद्रांची सलग ओळ, दुसरीच्या नराला ती मधे तुटलेली. कुणाची शेपटी गाजरासारखी जाड, कुणाची सुतळीसारखी.

यातनं बाई पुढचं बोलायच्या, आणि तिथंच लोकांचं आणि त्यांचं वाजायचं. त्या म्हणायच्या, माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली पडीक जमीन नव्हे. माळ हा मुळातच माळ आहे, लाखो वर्षांपासून. नाहीतर एवढ्या जाती व्हायला वेळ कधी मिळाला? कॉलेजच्या वृक्षारोपणाला प्राचार्यांनी खड्ड्यात रोप ठेवून ‘या ओसाड माळाचं आपण नंदनवन करू’ असं भाषण केलं. बाई मागच्या रांगेतून म्हणाल्या, ‘ओसाड कोण म्हणालं? राहणाऱ्यांना विचारलंत का?’ विद्यार्थी हसले. प्राचार्य हसले नाहीत, आणि ते विसरलेही नाहीत.

हेच प्राचार्य मीटिंगला बसले की डोक्यावरच्या छताकडं कान देऊन असत. पाल चुकचुकली की बोटानं टेबलावर तीनदा टिचकी मारायची आणि ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. एम.एस्सी. फिजिक्स झालेला माणूस! एकदा बाईंचा रजेचा अर्ज चर्चेला होता, माळावर पंधरा दिवस जाण्यासाठी. प्राचार्य म्हणाले, अशा कामाला रजा देता येणार नाही. नेमकी वर पाल चुकचुकली. त्यांनी टिचकी मारली, पाठोपाठ आणखी चौघांनी मारली. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सर, तो नर आहे. मादीला बोलावतोय. तुमच्या ठरावात त्याला काही रस नाही.’

रजा नामंजूर झाली. बाई रविवार आणि दिवाळी धरून जात राहिल्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी त्यांच्याबरोबर जतकडं एकदा गेलो होतो. हौसेनं नव्हे, मदतीला कुणीतरी पाहिजे म्हणून त्यांनी मला प्रयोगशाळेतून उचललं. माळावर दुष्काळी काम चालू होतं. बायका डोक्यावर पदर घेऊन, रांगेनं बसून खडी फोडत होत्या. बाईंनी बघितलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. दगड म्हणजे त्यांच्या पालींची घरं, आणि ती हातोड्याखाली चालली होती. मला वाटलं, आता या बायकांवर तोंडसुख घेणार. पण त्यांच्यावर कशाला घेतील? पोट जाळायला बसलेल्या त्या. बाई त्यांच्यातच फतकल मारून बसल्या, एक हातोडी मागून घेतली आणि फोडायला लागल्या. म्हणाल्या, ‘दगुड उचलला की खाली पाल निघंल. मारू नगासा. मला द्या.’

‘आवं बाई, इख असतंय तिला!’ एक म्हातारी ओरडली.

तेवढ्यात एक निघालीच. बाईंनी ती अलगद धरली आणि आपलं बोट तिच्या तोंडात दिलं. पाल चावली, लोंबकळली. बाई लोंबकळत्या पालीसकट सगळ्यांपुढून हात फिरवून आल्या. ‘मेले का मी? न्हाई न्हवं? मग?’

बायका हसल्या. म्हातारी म्हणाली, ‘तुमाला लेकरंबाळं न्हाईत व्हय?’

‘हायत की,’ बाई म्हणाल्या. ‘पिशवीत.’

मग त्यांनी तीन माळांची गोष्ट सांगितली. कॉलेजात ती सांगताना फळाभर आकृत्या लागायच्या. म्हातारीनं ऐकून घेतलं, हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘म्हंजी हितली पाल तितं नांदायला जातच न्हाई म्हणा की. मग तिची चाल येगळी, हिची चाल येगळी. त्यात काय एवढं?’

बाई माझ्याकडं वळल्या. ‘बघा देशपांडे. हिला बी.एस्सी. द्या आणि तुमच्या प्राचार्यांना खडी फोडायला बसवा.’

त्या दिवशी आम्हाला सहा पाली मिळाल्या. प्रत्येक पाल स्पिरिटच्या बाटलीत घालण्याआधी बाई तिच्या मागच्या पायाला पांढरा दोरा बांधायच्या. दोऱ्याला पुठ्ठ्याचा नखाएवढा तुकडा, त्यावर शिसपेन्सिलीनं नंबर. तोच नंबर वहीत, आणि पुढं माळाचं नाव, दगडाची जागा, तारीख, वेळ. ‘पाल नंतर,’ त्या म्हणायच्या. ‘आधी जागा. जागा माहीत नसलेली पाल म्हणजे नुसतं मेलेलं जनावर.’ हे मी त्यांच्या तोंडून किमान दहा वेळा ऐकलं. दहा वेळा, हे मुद्दाम सांगतो. आणि बाईंची दुसरी सवय अशी, की जो दगड उलटला तो जसा होता तसा, त्याच खळग्यात, त्याच बाजूनं परत बसवायचा. मी एकदा घाईनं टाकला, तर म्हणाल्या, ‘कुणाच्या घरात शिरलात तर जाताना दार लावून घेता ना?’

अशा बाटल्या सात वर्षांत बेचाळीस झाल्या. औषधाच्या, मुरंब्याच्या, शाईच्या, मिळेल ती बाटली. प्रयोगशाळेच्या मागच्या फळीवर त्या ओळीनं उभ्या असायच्या. दिसायला भिकार, हे खरंच.

आणि मग मुंबईहून पत्र आलं. सरपटणाऱ्या प्राण्यांतला मोठा जाणकार माणूस, बाई त्यांना चार वर्षं लिहीत होत्या. त्यांनी उत्तर दिलं, की तुमचं म्हणणं खरं ठरलं तर फार मोलाचं आहे; नमुने जागेच्या चिठ्ठ्यांसकट पाठवा, मी स्वतः बघतो. बाई हसल्या. चौदा वर्षांत मी पाहिलेलं ते एकच हसू, ज्यात कुणाची टिंगल नव्हती. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. म्हणाल्या, ‘माळ पडीक न्हाई, हे आता कागदावर येईल.’ खोकं आणायचं, भुसा भरायचा, सगळं ठरलं. तेवढ्यात गावाकडनं निरोप आला, सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला. बाई आठ दिवसांसाठी गेल्या.

आणि त्याच आठवड्यात कॉलेजला तपासणीची कमिटी येणार होती.

कमिटी येणार म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते ठाऊकच आहे. पायऱ्यांना गेरू, झाडांना चुना, वाचनालयातल्या पुस्तकांवरची धूळ वर्षातनं एकदा झटकायची. प्राचार्य प्रयोगशाळेत आले, मागच्या फळीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे लोणच्याचं दुकान काय आहे?’

‘बाईंच्या पाली,’ मी म्हणालो.

‘बेचाळीस पाली कशाला पाहिजेत? सगळ्या सारख्याच तर आहेत. स्टोअरमध्ये तीन मोठ्या बरण्या आल्यात बघा, नव्या. त्यात भरा. ते दोरेबिरे काढा, गळफास दिल्यासारखं दिसतंय. आणि लेबल तुमच्या अक्षरात होऊ द्या.’

माझं अक्षर! कॉलेजचे सगळे फलक, सगळी मानपत्रं मी लिहायचो. अक्षर बघून लोक माणसाला चांगलं समजतात, हा एक वेडेपणा आहे. प्राचार्य दारात थांबले आणि म्हणाले, ‘देशपांडे, लेक्चररच्या जागेचं कमिटी गेल्यावर बघू.’

शोकसभेत मी जे बोललो नाही ते इथं बोलतो. मला माहीत होतं. मी अडाणी नव्हतो. बाटल्या धुणारा शिपाईसुद्धा म्हणाला, ‘सायेब, बाईस्नी इचारलं का?’ मी म्हणालो, ‘बाईंना बघताक्षणी ओळखू येतात सगळ्या.’ आणि कात्रीनं एकेक दोरा कापला. बेचाळीस वेळा कात्री उघडली आणि मिटली. बेचाळीस वेळा मला थांबता आलं असतं. पुठ्ठ्याचे तुकडे कचऱ्यात गेले आणि कचरा शिपायानं जाळला. बाटल्या धुऊन पुसून पालथ्या घातल्या. पाली तीन बरण्यांत सारख्या वाटून टाकल्या, चौदा-चौदा, म्हणजे बरण्या एकसारख्या भरलेल्या दिसाव्यात. लेबलावर मी झोकदार अक्षरात ‘पाल’ असं लिहिलं आणि खाली लाल शाईची दुहेरी रेघ ओढली.

कमिटीतल्या एका गृहस्थांनी बरण्यांपुढं थांबून विचारलं, ‘हे अक्षर कुणाचं?’

बाई आल्या त्या सोमवारी. सुभेदार वाचले होते, पण वाचा गेली होती. बाई सरळ मागच्या फळीपाशी गेल्या. रिकामी फळी बघितली, मग समोरच्या कपाटातल्या बरण्या बघितल्या. मी सगळी उत्तरं पाठ करून उभा होतो. त्या ओरडतील, गावच्या बोलीत आईबाप काढतील, अशी माझी तयारी होती. बाई बरणीपाशी वाकल्या, लेबल वाचलं आणि अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, ‘अक्षर छान आहे तुमचं.’

अजूनही कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मला घाम फुटतो.

प्राचार्यांना बोलावणं गेलं, की बाईंनी स्वतःच जाऊन सांगितलं, आठवत नाही. प्राचार्य मात्र उदार झाले होते, कमिटी खूश होऊन गेली होती. म्हणाले, ‘अहो बाई, त्यात काय? तुम्हाला ओळखू येतात ना? मग परत बांधा दोरे. वही तर आहे. मुंबईवाल्यांना काय कळणार?’

मीही पुढं झालो. ‘मी रात्रंदिवस बसतो बाई. तुम्ही फक्त सांगा, ही जतची, ही खटावची. मी चिठ्ठ्या लिहितो.’

बाईंनी आमच्या दोघांकडं असं बघितलं, जणू आम्ही आत्ताच दगडाखालून निघालोय. ‘आवं, काय बोलताय तुमी?’ त्या म्हणाल्या. ‘हिची शेपटी जाड, म्हणून मी म्हणायचं ही जतची. आणि उद्या त्यांना सांगायचं, बघा, जतच्या पालीची शेपटी जाड असती! मला जे शोधायचं तेच मी आधी चिकटवायचं? त्यापरीस पंचांग लिवते की घरी बसून.’

‘पण कुणाला कळणारसुद्धा नाही,’ प्राचार्य म्हणाले.

‘मला कळंल न्हवं.’

त्या संध्याकाळी त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. नमुने निरुपयोगी झाले आहेत, पुन्हा जमवून पाठवते, एवढंच. कुणी केलं, कसं झालं, एक अक्षर नाही. मला ते पत्र पोस्टात टाकायला दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी वाचलं. मी वाचणार हे त्यांना माहीत होतं.

पुढच्या जूनमध्ये मी लेक्चरर झालो.

बाईंनी कामाला नव्यानं सुरुवात केली. खटावची पाल परत मिळाली, कारण तो माळ जागेवर होता. जतच्या चार मिळाल्या, खडीतून वाचलेल्या. कुपवाडचं मात्र अवघड झालं. तिथं कारखान्यांची वसाहत उभी राहत होती. त्यांनी कुपवाडच्या पाली घेतल्या तेव्हा तिथं नुसता माळ होता. आता बुलडोझर फिरत होता. कुपवाडच्या अकरा पाली जगात एकाच ठिकाणी शिल्लक होत्या, माझ्या तीन बरण्यांत. कुठल्या अकरा, ते देवाला माहीत, आणि बाईंचा देवावर विश्वास नव्हता. त्या बरण्या अजून आहेत. दरवर्षी पोरं त्यांच्यापुढं बसून आकृती काढतात, खाली ‘पाल’ लिहितात, आणि मी लाल पेनानं बरोबरची खूण करतो.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते कुपवाडलाच, भर दुपारी. तोवर त्या नोकरी सोडून गावी गेल्या होत्या. माझ्या मेहुण्यानं तिथं लेथचं वर्कशॉप टाकलं होतं, ते बघायला मी स्कूटरवरून गेलो होतो. नव्या कंपाउंडच्या भिंतीलगत बुलडोझरनं लोटलेल्या दगडांचा ढीग होता आणि ढिगाच्या कडेला एक उकिडवी बसलेली बाई. कॅनव्हासचे बूट बघूनच मी ओळखलं. केस पांढरे झाले होते. त्या एकेक दगड उचलत होत्या, खाली बघत होत्या आणि परत ठेवत होत्या.

माझ्या आधी वॉचमन पोचला, खाकी डगल्यातला निवृत्त फौजी. ‘आवं बाई, काय हुडकताय?’

‘पाल.’

‘पाल? शेडमधी लय हायत की! थांबा.’ आणि तो भला माणूस पळत जाऊन टोपीत एक धरून घेऊन आला.

बाईंनी टोपीत डोकावलं. ‘घरपाल. आली होय हितंबी?’ मग मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसलो. त्यांनी टोपीतल्या पालीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढचा दगड उचलला.

एवढ्यात त्यांच्या हातातल्या दगडाच्या खालच्या अंगाला दोन पांढरे ठिपके दिसले. पालीची अंडी. वाटाण्याएवढी, शेजारी शेजारी चिकटलेली, दोन्ही फुटून रिकामी. पिल्लं निघून गेलेली, कधीची कोण जाणे. बाईंनी नखानं ती टरफलं अलगद सोडवली, काडेपेटीत कापसावर ठेवली आणि झोळीतून काडेपेटीत मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्यापुढं धरला.

‘लिहा.’

मी शिसपेन्सिल घेतली. तुकडा गुडघ्यावर धरून लिहायचं होतं, पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं. कुपवाडचा माळ, मी लिहिलं. पूर्वेच्या भिंतीलगत. दगडाखाली. तारीख. दुपारचे दोन. त्यांनी तुकडा घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि माझं ते लहान पोरासारखं वेडंवाकडं अक्षर वाचलं.

‘आता बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. तुकडा काडेपेटीत घातला.

मग त्यांनी तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि ज्या बाजूनं होता त्या बाजूनं परत बसवायला लागल्या. वॉचमनला राहवेना. ‘आवं बाई, ह्यो ढीग उद्या उचलणार हायती. ट्रक सांगितलाय. कशाला लावत बसताय?’

‘उद्या उचलू देत की,’ बाई म्हणाल्या. ‘आज हाय न्हवं.’

दगड हलतोय का ते त्यांनी दोनदा दाबून बघितलं, साडीला हात पुसले आणि एसटी गाठायला निघून गेल्या.